जोडीनं येणारी इंग्रजी

अप्पांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि वर्षाच्या आत त्याच मुलाशी पुन्हा ठरून पार पडलं, त्या वर्षी पाइपांच्या कारखान्याच्या फाटकावर वॉकीटॉकी आली. लग्न मोडलं तेव्हा अप्पा आणि व्याही एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. पुन्हा ठरलं तेव्हा दोघांनीही मधल्या काळात काही घडलंच नाही असा चेहरा केला आणि एकाच ताटातली सुपारी खाल्ली. मुलगी सासरी गेली. फाटकाला लागून असलेल्या दोन खोल्यांत मग अप्पा आणि त्यांची थोरली बहीण अक्का अशी दोनच माणसं उरली. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अक्काला दिसत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी नजर गेली. पण त्या दोन खोल्यांत ती अशी वावरायची की नव्या पाहुण्याला वाटावं, ही बाई आपल्याला बनवते आहे. खाटेपासून शेगडीपर्यंत सात पावलं, शेगडीपासून नळापर्यंत चार, नळापासून दारापर्यंत नऊ. दूध उतू जायच्या आधी तिला आवाजावरून कळायचं. अप्पा उशिरा घरी आले की चपला कुठं काढल्या हे आतून सांगायची आणि जागच्या जागी ठेवायला लावायची.

जागा मात्र अप्पांची नव्हती, फाटकाची होती. एक नंबरच्या फाटकाचा जो मुख्य पहारेकरी, त्याला ती मिळायची. फाटक सुटलं की जागा सुटली.

हे फाटक अप्पांनी एकोणीस वर्षं सांभाळलं होतं, तेही जवळजवळ तोंडी. अक्षर त्यांना उशिरा भेटलं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवरच ते सही आणि दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं शिकले. वहीत भरभर लिहिणं काही जमलं नाही. म्हणून दिवसभरात आलेल्या गाड्या ते डोक्यात ठेवत आणि संध्याकाळी कारकुनापुढे उभे राहून धडाधड म्हणून दाखवत.

“लाल गाडी, मिशी जाडी. वाळू. सळया बारा, चाकात वारा. सिमेंट साठ, ड्रायव्हरची पाठ.”

कारकून नवीन होता तेव्हा त्यानं विचारलं होतं, “अप्पा, पाठीचं काय लिहू?”

“पाठीचं काही लिहू नका. ती साठाला धरून ठेवायला आणली होती. सिमेंटची साठ पोती, एवढंच लिहा.”

एकोणीस वर्षांत एका पोत्याची चूक निघाली नाही. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे सुरक्षा साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कडक. शर्टाची इस्त्री बसल्यावरही मोडायची नाही. पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्या पहारेकऱ्यांना रांगेत उभं केलं आणि टेबलावर यंत्रांचे काळे डबे मांडले.

“आजपासून फाटकावरून हाका मारणं बंद,” साहेब म्हणाले. “जे सांगायचं ते यातून कंट्रोल रूमला सांगायचं. आणि इंग्रजीत सांगायचं.”

“इंग्रजीत का साहेब?” अप्पांनी विचारलं. “पलीकडे ऐकणारं माणूस इंग्रज आहे का?”

“नाही. पण कंट्रोल रूमच्या बाईंना तुमची भाषा नीट येत नाही, मोठ्या साहेबांना बाईंची येत नाही आणि क्रेनवाल्याची तर कुणालाच येत नाही.”

“असं होय. म्हणजे सगळ्यांची सारखीच पंचाईत व्हावी म्हणून.”

रांगेत खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. तीन आठवड्यांनी गुरुवारी दुपारी एक ते दोन परीक्षा, असं त्यांनी जाहीर केलं. स्वतः मोठे साहेब कंट्रोल रूममध्ये बसून ऐकणार. जो उत्तीर्ण होईल त्याला एक नंबरचं फाटक. जो होणार नाही तो मागच्या माल-यार्डात, कुत्र्यांच्या सोबतीला. तिथं बोलायला लागत नाही आणि राहायला जागाही मिळत नाही.

हे ऐकून सगळ्यांत आधी हसला तो मॅट्रिक. दोन नंबरच्या फाटकावरचा हा तरुण पहारेकरी. नाव काहीही असो, सगळे त्याला मॅट्रिकच म्हणत. कारण भेटल्यापासून पाचव्या वाक्याच्या आत तो सांगायचा की आपण मॅट्रिक आहोत, आणि सहाव्या वाक्यात, पहिल्या झटक्यात.

“अप्पा, काही लागलं तर विचारा हं,” तो म्हणाला. “माझं जुनं पुस्तक देईन. आणि खोल्यांना चुना कधी लावला होता हो शेवटचा? नाही, आपलं सहज.”

अप्पांनी घरी येऊन पाय धुतले आणि नळापाशीच बसून राहिले.

“काय झालं?” अक्कानं आतून विचारलं. “नळ बंद कर आधी.”

अप्पांनी सगळं सांगितलं. “अक्का, ही जागा सोडावी लागणार बहुतेक.”

“मी नाही सोडायची. आता मी नवी पावलं मोजत बसू? तू शीक इंग्रजी.”

“छप्पन्नाव्या वर्षी?”

“मी पासष्टाव्या वर्षी आंधळेपण शिकले. मला सांगतोस!”

अप्पांनी उठून नळ बंद केला.

मॅट्रिकनं खरंच पुस्तक आणून दिलं. पहिले आठ दिवस त्यातच गेले. अप्पा अडखळत वाचायचे, अक्का ऐकायची. अॅपल म्हणजे सफरचंद, बॉल म्हणजे चेंडू, कॅट म्हणजे मांजर. सकाळी पाठ केलेलं दुपारपर्यंत पार धुऊन जायचं.

“फाटकातून सफरचंद कधी आलंय का रे?” अक्कानं नवव्या दिवशी विचारलं.

“नाही.”

“मांजर?”

“ते येतं. पण त्याची नोंद नाही करत आपण.”

“मग ठेव ते पुस्तक मिटून. बरं, मला सांग, या डबड्याला काय म्हणतात?”

“वॉकीटॉकी.”

“हे कसं लक्षात राहिलं?”

अप्पा थबकले. खरंच, हा शब्द त्यांनी पाठ केला नव्हता. एकदा ऐकला आणि तो घरचाच झाला होता.

“जोडीनं आलाय तो,” अक्का म्हणाली. “वॉकीला टॉकीनं धरलंय. आणखी कुठले येतात तुला असे?”

अप्पा आठवायला लागले. फाटकापुढे पिंपं वाकडीतिकडी मांडून रस्ता केलेला होता, त्याला सगळे झिगझॅग म्हणत. जुना फोरमन चांगल्या गणवेशाला टिपटॉप म्हणायचा. करमणुकीच्या खोलीत पिंगपाँगचं टेबल होतं. मुलगी सासरी जाताना जावई बायबाय म्हणाला होता. मोजता मोजता नऊ शब्द निघाले. नऊ शब्द इंग्रजी आपल्याला येते, हे अप्पांना छप्पन्न वर्षं ठाऊक नव्हतं.

“आता तोंडाकडे लक्ष दे,” अक्का म्हणाली. नजर गेल्यापासून तिचे कान तिखट झाले होते. “झिग म्हणताना ओठ ताणतात, झॅग म्हणताना जबडा पडतो. टिप बारीक, टॉप मोठं. पिंग बारीक, पाँग मोठं. यांचं दार आधी किलकिलं होतं, मग सताड उघडतं.”

“आणि आपलं?”

“आपलं ठाक आधी, ठीक मागून. आपण सताड उघडून बसतो आणि मग लोक आले की लावून घेतो.”

“आणि वॉकीटॉकी? त्यात तर दोन्हीकडे सारखंच.”

“ते जुळे भाऊ. टोप्या वेगळ्या, खालचे कपडे तेच.”

अशी त्या दोघांची शाळा सुरू झाली, आणि तिथंच ती चूक झाली. अक्कानं नियम काढला की नीट इंग्रजी शब्द जोडीनंच येतो. एकटा दिसला तर त्याचा जोडीदार कुणीतरी हरवला आहे असं समजायचं. एका पायात चप्पल घालून कुणी गावाला जातं का? मग आपणच त्याला जोडीदार शोधून द्यायचा. अप्पांना हे मनापासून पटलं. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि छाती भरून सांगितलं, “गेट वन. टँकर-बँकर. वन.”

पलीकडून कंट्रोलच्या बाईंचा आवाज आला. या बाईंना अप्पांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून पंचविशीची वाटायची.

“बँकर? कोण बँकर? बँकेचा माणूस आला?”

“नाही बाई. टँकर. पाण्याचा.”

“मग बँकर?”

“तो टँकरचा जोडीदार.”

बाईंना अप्पांची भाषा तोडकीमोडकी येत होती. त्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर डब्यातून असा आवाज आला की अप्पांना वाटलं, यंत्र बिघडलं. बाई हसत होत्या.

“अप्पाजी, टँकर एकटा. त्याचं लग्न नाही झालं. पण लग्न झालेले खूप आहेत. मी देते. रोज एक.”

बाई शब्दाला पक्क्या निघाल्या. रोज सकाळी सात वाजता, फाटकावर गाडी नसताना, त्या एक जोडी द्यायच्या आणि तिचा अर्थ कसाबसा समजावायच्या. पोरंसोरं सैरावैरा पळतात ते हेल्टर-स्केल्टर. सगळं उलटंपालटं झालं की टॉप्सी-टर्वी. पसारा पडला की हिगल्डी-पिगल्डी. गरगर गडगडत येणारं गोलमटोल ते रोलीपोली. खच्चून भरलं की चॉक-अ-ब्लॉक. उगाच रेंगाळणं म्हणजे डिलीडॅली. करू नका म्हणजे नो-नो. आणि सगळं ठाकठीक असलं की ओकीडोकी.

“यात डोकं कुठून आलं?” अक्कानं विचारलं.

“असेल त्यांच्यात रीत.”

अक्का प्रत्येक शब्द दोनदा म्हणून बघायची, आणि तिसऱ्यांदा तो तिच्या तोंडी असा यायचा की जणू लहानपणापासून तिच्या सोबतीला होता. भाजी निवडताना म्हणायची, “आज बाजारातून हिगल्डी-पिगल्डी काय आणलंस हे? निम्मी देठंच आहेत.”

तिसरा आठवडा संपता संपता अप्पांची गाडी रुळावर आली. “गेट वन. ट्रक थ्री. रोड चॉक-अ-ब्लॉक. ड्रायव्हर डिलीडॅली.” एवढ्यावरून बाईंना कळायचं की तीन ट्रक आलेत, रस्ता तुंबलाय आणि पुढचा ड्रायव्हर गाडी सोडून कुठंतरी गप्पा मारत बसलाय. त्या लगेच वजनकाट्यावर कळवायच्या. इतकं सुरेख चाललं होतं की अप्पांना स्वतःचीच नजर लागेल असं वाटायला लागलं.

ती लागलीच. सोमवारी बाईंनी नवी जोडी दिली, हॉइटी-टॉइटी. नाक वर करून, जगाला तुच्छ समजत चालणारा माणूस. अप्पांना हा शब्द फार आवडला. तो वापरायला कुणी मिळतं का म्हणून ते सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. अकराच्या सुमाराला उन्हातून छत्री घेऊन कुणीतरी ऐटीत येताना दिसलं. तोंड छत्रीआड होतं, पण चाल लपत नव्हती. अप्पांनी बटण दाबलं.

“गेट वन. हॉइटी-टॉइटी वन. वॉकिंग.”

छत्री खाली झाली. आत सुरक्षा साहेब होते. त्यांच्या कमरेला दुसरी वॉकीटॉकी लटकत होती आणि तिच्यातून अप्पांचाच आवाज नुकताच बाहेर पडला होता.

साहेबांना शब्द माहीत नव्हता. पण त्यांनी खोलीत जाऊन शब्दकोश काढला. अर्ध्या तासानं अप्पांना बोलावणं आलं.

“हे काय चालवलंय तुम्ही?” साहेब म्हणाले. “हे काम आहे, पाळणाघर नाही. परीक्षेत तुमच्या तोंडून असला एकही खुळखुळा वाजला, तर त्याच क्षणी नापास. मग मागचं यार्ड. समजलं?”

“समजलं साहेब.”

“ही सात वाक्यं. एवढीच बोलायची.” साहेबांनी कागद पुढे केला.

त्या कागदावरचे शब्द सगळे एकटे होते, एकापेक्षा एक कोरडे. घरी अप्पांनी कागद वाचला, अक्कानं ऐकला आणि कपाळाला हात लावला. पण हरली नाही. “जोडीदार मनात ठेव,” ती म्हणाली. “तोंडातून एकटाच काढ. ‘ऑल क्लिअर’, मनात म्हण, ‘नाही फिकर’. ‘स्टँडिंग बाय’, मनात म्हण, ‘उचल पाय’. ‘ओव्हर’, मनात ‘आता आवर’.”

तीन दिवस अप्पा ओठ मिटून निम्मं बोलायला शिकत होते. बोलता बोलता मधेच थांबायचे, गाल फुगायचे, मग पुढचं यायचं. मॅट्रिकनं विचारलं, “अप्पा, दाढ दुखते का?”

मॅट्रिकची तयारी जोरात होती. अर्ज लिहायच्या इंग्रजीत त्यानं लांबलचक वाक्यं बसवली होती. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागायचा.

गुरुवार उजाडला. कंट्रोल रूममध्ये मोठे साहेब, सुरक्षा साहेब आणि बाई बसल्या. एक वाजता परीक्षा सुरू झाली आणि त्याच वेळी पाइप ठोकायचं मोठं यंत्र सुरू झालं. महिनाभर ते दुरुस्तीसाठी बंद होतं, नेमकं त्या दुपारी चालू झालं. ते बंद असतानाच वॉकीटॉकी आल्या होत्या, त्यामुळे हे यंत्र आणि ते यंत्र यांचं जमत नाही हे कुणाला कसं कळणार? पहिला ठोका पडला आणि डब्यातून कढईत वडे सोडल्यासारखा आवाज यायला लागला.

“गेट वन रिपोर्टिंग,” अप्पा म्हणाले. गाल फुगले. “ऑल क्लिअर. ओव्हर.”

“चर्रर्र... ट वन... र्रर्र.”

अप्पांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा वडे. पाऊण तास ते सातही वाक्यं आळीपाळीनं त्या कढईत टाकत राहिले. घाम निथळत होता. आपलेच उच्चार चुकताहेत अशी त्यांची खात्री झाली होती.

दोनला पाच मिनिटं होती. दोन वाजता भोंगा व्हायचा, आतलं शटर वर जायचं आणि पहिल्या पाळीची तीनशे माणसं फाटकाकडच्या उतारावर एकदम बाहेर पडायची. भोंगा आणि शटर, दोन्हींच्या कळा कंट्रोल रूममध्ये.

उताराच्या वरच्या टोकाला, दोन नंबरच्या फाटकापाशी, सिमेंटच्या पाइपांनी भरलेला ट्रेलर उभा होता. त्याची साखळी निसटली. मॅट्रिकनं ते सगळ्यांत आधी पाहिलं. त्यानं बटण दाबलं, घसा साफ केला आणि वाक्याला सुरुवात केली. इंग्रजी अगदी शुद्ध होतं. साहेबांना विनम्रपणे कळवण्यात येत होतं की ज्या ट्रेलरविषयी सकाळी नोंद करण्यात आली होती त्या ट्रेलरवरून... तो ट्रेलरपर्यंत पोचेतो चार पाइप खाली उतरले होते.

अप्पांना वळणावर पहिला पाइप दिसला. कमरेएवढा उंच, माणूस आत वाकून बसेल असा. तो झुलत झुलत, या कडेला आपटत, त्या कडेला आपटत येत होता आणि मागून त्याचे भाऊबंद. मधे बंद शटर, शटरमागे डबे हातात घेऊन उभी राहिलेली माणसं.

सात वाक्यांत पाइपाचं वाक्य नव्हतं. अप्पांचं बोट बटणावर होतं. खुळखुळा वाजला तर नापास. यार्ड. अक्काला हाताला धरून कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आणि पहिल्यापासून पावलं मोजायला लावायची. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि पाइपही आणखी दहा हात पुढे आला.

“गेली तर गेली,” अप्पा म्हणाले आणि बटण दाबलं. “गेट वन! झिगझॅग! झिगझॅग! पाइप रोलीपोली! हेल्टर-स्केल्टर! शटर नो-नो! शिफ्ट नो-नो! नो-नो!”

डब्यातून नुसतीच चरचर आली.

दोन वाजले. भोंगा झाला नाही. शटर हललं नाही. आतून लोकांची आरडाओरड सुरू झाली, कारण पहिल्या पाळीला एक मिनिट जास्त थांबवणं म्हणजे पाप. तोवर सहाच्या सहा पाइप शटरसमोरून गडगडत गेले. एकानं दिव्याचा खांब झुकवला. दोन पिंपांत अडकले. एकानं मॅट्रिकची सायकल चपाती केली. चढ नको म्हणून तो ती रोज खालच्या फाटकाशीच लावायचा. एक गटारात गेला आणि शेवटचा धिम्या चालीनं येऊन अप्पांच्या दाराच्या पायरीला टेकला.

“कोण आलंय रे?” आतून अक्काचा आवाज.

“पाइप आलाय.”

“बसायला सांग त्याला. मी आले.”

कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण अप्पांना आनंद करायला सवड नव्हती. आपण काय बोललो ते त्यांना स्पष्ट आठवत होतं. सात खुळखुळे, मोठ्या साहेबांच्या कानात. ते घरात गेले, फळीवरची पत्र्याची पेटी काढली आणि अक्काची लुगडी त्यात ठेवायला लागले.

“पेटी कशाला काढलीस?”

“जायचं आहे, अक्का.”

“तुला जायचं असेल तर जा. माझी लुगडी बाहेर काढ.”

तेवढ्यात दारात तीन माणसं आली. पाइपाला वळसा घालून यावं लागल्यामुळे मोठे साहेब जरा अवघडले होते. त्यांच्यामागे सुरक्षा साहेब, आणि त्यांच्यामागे पिकल्या केसांची एक ठेंगणी बाई, हातात वही.

“अप्पाजी,” ती म्हणाली, आणि आवाजावरून अप्पांनी ओळखलं. पंचविशी कुठल्या कुठं राहिली. बाई त्यांच्याच वयाची होती.

“दाखवा त्यांना,” मोठे साहेब बाईंना म्हणाले.

बाईंनी वही उघडली. ऐकू आलं ते सगळं लिहायची त्यांची पद्धत होती. दोन नंबरच्या फाटकापुढे शेवटच्या पाच मिनिटांत दोनच शब्द होते, ‘सर’ आणि ‘काइंडली’. एक नंबरपुढे पाऊण तास काहीच नव्हतं, फक्त ‘ट वन’. आणि मग एका ओळीत तुकडेच तुकडे. ‘झॅग’. ‘पोली’. ‘स्केल्टर’. ‘शट’. ‘नो’.

“झॅग आला,” बाई म्हणाल्या. “झॅगच्या आधी झिगच. दुसरं कुणी नाही. पोली आला तर रोली आधी येऊन गेली. अर्धं यंत्रानं खाल्लं, अर्धं मी ऐकलं. मला पुरलं. मी कळेवरचा हात काढला.”

“विचारलं नाही त्यांनी मला,” सुरक्षा साहेब म्हणाले. ते तक्रार करत होते की कबुली देत होते ते कळत नव्हतं. “मी अजून ‘काइंडली’वरच होतो.”

“माझ्या अप्पाला काढणार का तुम्ही?” अक्कानं आडपडदा न ठेवता विचारलं. ती नळापासून नऊ पावलं मोजून बरोबर सुरक्षा साहेबांसमोर येऊन उभी राहिली होती.

साहेबांनी घसा साफ केला. “आजी, माझ्या सात वाक्यांतलं एकही पोचलं नाही. त्यांचा एकही खुळखुळा वाया गेला नाही. मी कुणाला काढू? मला यादी हवी आहे. सगळ्या फाटकांसाठी. सगळ्यांनी पाठ करायची.”

“मॅट्रिकनंसुद्धा?” अप्पांनी विचारलं.

“सगळ्यांनी.”

यादी त्याच दुपारी झाली. अप्पा आणि अक्का सांगत होते, बाई दुरुस्त करत होत्या, साहेब स्वतः लिहून घेत होते. टँकर-बँकर अक्कानं लावून धरला, पण बाईंनी तो काही घेऊ दिला नाही. एकूण बावीस जोड्या भरल्या. मोठ्या साहेबांनी यादी वाचली, पेन मागून घेतलं आणि तेविसावी स्वतः घातली. सुरक्षा साहेबांनी शेवटी एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि चौदाव्या क्रमांकावरची हॉइटी-टॉइटी ठळक रेघ मारून खोडली. बाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या अंगणात गेल्या.

मॅट्रिक शनिवारपासून शिकवणीला यायला लागला. तोंड पाडून बसायचा.

“अप्पा, हे व्याकरणात बसत नाही.”

“नसेल बसत. म्हण, हेल्टर-स्केल्टर.”

“याला कर्ता नाही, क्रियापद नाही.”

“सायकल आहे का तुला?” अक्कानं आतून विचारलं.

“होती,” मॅट्रिक म्हणाला आणि मुकाट्यानं म्हणायला लागला. पहिल्या झटक्यात नाही, पण पाचव्या झटक्यात त्याला बावीसही यायला लागल्या. खोल्यांच्या चुन्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. अप्पांनीच पुढच्या सुट्टीत त्याला हाताशी घेऊन दोन्ही खोल्या पांढऱ्या करून घेतल्या. अक्का खाटेवर बसून कुंचल्याच्या आवाजावरून राहिलेले कोपरे दाखवत होती. पायरीशी आलेला पाइप मात्र क्रेन येईपर्यंत आठ दिवस तिथंच होता. अक्का संध्याकाळी त्याच्यावर टेकून बसायची आणि सुटलेल्या पाळीतल्या पोरांना नावानिशी टोकायची.

एक नंबरचं फाटक अप्पांकडे राहिलं आणि जागाही राहिली. अक्का त्या दोन खोल्यांत आणखी तीन वर्षं राहिली. धाकटीला दुसरा मुलगा झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला, अक्का वारली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.